अपहाराच्या केससाठी लावलेले वकील: चार वर्षांचा अनुभव

माझा मोठा भाऊ ग्रामसेवक. २०१९ साली त्याच्यावर भादंवि कलम ४०९ लागलं, म्हणजे सरकारी नोकराने विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार. पाणीपट्टी आणि घरपट्टीचे मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास रुपये वसूल झाले पण ग्रामनिधीच्या खात्यात भरले नाहीत असं ऑडिटमध्ये निघालं आणि पंचायत समितीकडून फिर्याद झाली. पहिल्या दिवशीच कुणीतरी आईला सांगितलं की या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, (ते खरंच आहे, जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत आणि दंड) आणि त्या रात्रीपासून आईची झोप गेली ती निकाल लागेपर्यंत. हे सगळं लिहितेय कारण त्या काळात आम्हाला कुणी सांगितलं असतं की अशा केसला वकील कसा बघायचा, तर आमची दोन वर्षं वाचली असती. वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या आमच्या वकीलसाहेबांनी स्वतः सांगितलं की माझं नाव कुठे टाकू नका, त्यामुळे नाव नाही, गावही नाही. मराठवाड्यातलं तालुक्याचं कोर्ट एवढंच समजा.

आधी पहिल्या वकिलांबद्दल, कारण फरक तिथेच कळतो. तेही नाव असलेले होते, बोलायला एकदम चांगले, आणि आमच्यासमोर पहिल्या तीन साक्षीदारांची उलटतपासणी त्यांनी इतकी जोरात घेतली की बाहेर आल्यावर आम्ही त्यांना चहा पाजला. दप्तर जप्त केलं तेव्हा ऑफिसात खुर्च्या किती होत्या, पंचनामा सकाळी झाला की दुपारी, कपाट लोखंडी होतं की लाकडी, मोटारसायकलवर गेलात की जीपने. एक पंच म्हणाला खुर्च्या चार, दुसरा म्हणाला सहा, ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणाला आठवत नाही. एक पंच तर सरळ फितूर झाला, म्हणाला मी सही पोलीस स्टेशनमध्येच केली. आम्हाला वाटलं सुटलो आता. मी स्वतः वही घेऊन बसायचे आणि प्रत्येक विसंगती लिहून काढायचे, निकालाला उपयोगी पडेल म्हणून. मी पतसंस्थेत काम करते, आकडे जुळवायची सवय आहे, तर सगळ्या जबाबांमधून मी त्रेपन्न विसंगती काढल्या होत्या. त्रेपन्न!

मग दादाच्या एका सहकाऱ्याने या दुसऱ्या साहेबांचं नाव सुचवलं. २०२१ च्या शेवटी आम्ही सगळी फाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो. पहिल्या भेटीत ते फीचं काहीच बोलले नाहीत, फाईल ठेवून घेतली आणि आठ दिवसांनी या म्हणले. आठ दिवसांनी गेलो तर माझी ती त्रेपन्न विसंगतींची यादी त्यांच्या समोर होती आणि त्यातल्या ४ वर लाल पेनाने खूण. बाकीच्या सगळ्यांवर आडवी रेघ. मला वाईटच वाटलं. मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दात सांगते, कारण या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच होती.

ते म्हणले, ताई, खुनाच्या केसमध्ये साक्षीदार कुठे उभा होता याला महत्त्व असतं कारण तो डोळ्यांनी बघत असतो. अपहाराच्या केसमध्ये सरकारला मुख्य म्हणजे एक गोष्ट सिद्ध करायची असते, पैसा या माणसाच्या ताब्यात आला होता. सोपवणूक. ती एकदा सिद्ध झाली की तो पैसा नेमका कुठे गेला, कुणाला दिला, काय खरेदी केलं हे सरकारने दाखवलंच पाहिजे असं नाही, हिशेब देता आला नाही किंवा खोटा हिशेब दिला तर कोर्ट अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढू शकतं. त्यांनी सुप्रीम कोर्टाचा १९६० चा जयकृष्णदास मनोहरदास देसाई यांचा निकाल सांगितला, मुंबईचाच, टेक्स्टाईल कमिशनरने एका डाईंग मिलला रंगवायला दिलेल्या कापडाचं प्रकरण, कापड परत आलं नाही आणि हिशेबही लागला नाही, शिक्षा कायम राहिली. म्हणजे खुर्च्या चार असोत नाहीतर सहा, दप्तर जप्त झालं हे आपण नाकारतच नाही आहोत, मग पंच फितूर झाला त्याने आपल्याला काय मिळालं? काहीच नाही. सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्येच भारवाडा केसमध्ये सांगून ठेवलंय की साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे, किरकोळ फरकांना धरून साक्ष फेकून देता येत नाही. आणि एका बाबतीत साक्षीदार खोटा निघाला म्हणजे तो सगळ्याच बाबतीत खोटा, असा नियम आपल्याकडे नाही. हे ऐकून दादाचा चेहरा उतरला, कारण आमची सगळी आशा त्या त्रेपन्नावर होती.

मग त्यांनी एक मोठा तक्ता केला, खरंच ड्रॉइंग शीटवर, पट्टीने रेघा मारून. डावीकडे साक्षीदारांची नावं, वरती चारच रकाने: पावती कुणी फाडली, रोख कुणाच्या हातात गेली, कपाटाची चावी कुणाकडे, बँकेत कोण जायचं. आणि प्रत्येक साक्षीदाराच्या पुढे तीन ओळी. कारण आमच्या केसमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या साक्षीदाराने तीनदा सांगितलं होतं. एकदा विस्तार अधिकाऱ्यांच्या प्राथमिक चौकशीत, एकदा पोलिसांना, एकदा कोर्टात. त्या तक्त्यात बघितलं तर शिपायाच्या ओळीतच सगळं होतं, आम्ही दोन वर्षं बघत होतो आणि दिसलं नव्हतं.

प्राथमिक चौकशीत शिपायाने लिहून दिलं होतं की पावती पुस्तक माझ्याकडे असायचं, वसुली मी करायचो आणि साधारण पंधरा दिवसांनी हिशेब द्यायचो. पोलिसांच्या जबाबात ते बदलून असं झालं की रोज संध्याकाळी वसुलीची रक्कम ग्रामसेवकांकडे जमा करायचो. कोर्टात पण रोज संध्याकाळी. पहिल्या वकिलांनी त्याला मोटारसायकल विचारली होती, हे विचारलंच नव्हतं.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी प्रत्येकाने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. दोन जबाबात फरक आहे हे तुम्हाला दिसतंय म्हणून तो कोर्टाला दिसत नाही. पोलिसांनी घेतलेला जबाब म्हणजे पुरावा नव्हे, त्यावर साक्षीदाराची सही पण नसते. तो फरक पुराव्यात आणायची एक पद्धत आहे. साक्षीदार पिंजऱ्यात असतानाच त्याच्या जुन्या जबाबातलं नेमकं वाक्य त्याला दाखवावं लागतं, असं सांगितलं होतं का विचारावं लागतं, तो नाही म्हणाला तर त्या वाक्याला खूण होते, पोर्शन मार्क ए, आणि मग तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याला विचारायचं की हे वाक्य साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिलं का. तो हो म्हणाला की मग ती विसंगती सिद्ध. यातली एक पायरी चुकली तरी शेवटच्या युक्तिवादात कितीही ओरडा, जज ते वाचू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या व्ही. के. मिश्रा निकालात हे परत स्पष्ट केलंय. जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात पहिल्यांदा सांगितली तर त्याला ओमिशन म्हणतात, आणि तिथे साक्षीदाराचं उत्तर ठरलेलं असतं, मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय: "मी पोलिसांना तसे सांगितले होते, ते जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." आमच्या केसमध्ये पहिल्या तीन साक्षीदारांच्या बाबतीत एकही विसंगती अशा पद्धतीने रेकॉर्डवर आली नव्हती. त्रेपन्नातली एकही नाही.

तेव्हा शिपायाला परत बोलवणं भाग होतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ चा अर्ज. साहेबांनी आधीच सांगितलं की वकील बदलला एवढ्या कारणावर कोर्ट देत नाही, तिघांनाही परत बोलवायचं मागितलं तर एकही मिळणार नाही, म्हणून एकच मागू आणि कारण नेमकं लिहू. अर्ज मंजूर झाला, खर्चापोटी काही रक्कम भरायला लावली. त्याच्याच सोबत कलम ९१ खाली त्यांनी ग्रामपंचायतींमधून दोन प्रकारची रजिस्टरं मागवून घेतली जी पोलिसांनी कधी जप्तच केली नव्हती, पावती पुस्तकांचं साठा रजिस्टर आणि दादाकडे अतिरिक्त कार्यभार असलेल्या दुसऱ्या दोन गावांची मासिक सभेची इतिवृत्तं. आम्हाला कळेना इतिवृत्तं कशाला.

तो दिवस मी विसरणार नाही. २०२३ चा फेब्रुवारी होता, मी रजा काढून गेले होते. साहेब शिपायाशी एकदा पण आवाज चढवून बोलले नाहीत. आधी साठा रजिस्टर दाखवलं, नमुना १० चं पावती पुस्तक दिल्याची नोंद, समोर सही. सही तुमची? हो. पुस्तक परत केल्याची नोंद आहे का बघा. बघितलं त्याने, बराच वेळ बघितलं, म्हणाला नाही. मग प्राथमिक चौकशीतला लेखी जबाब. सही तुमची? हो, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. ठीक. मग पोलिसांचा जबाब, रोज संध्याकाळी ग्रामसेवकांकडे. हे बरोबर? बरोबर. ग्रामसेवक रोज संध्याकाळी ऑफिसात असायचे? असायचे. आणि मग ती इतिवृत्तं. दादाकडे तीन गावं होती, आमच्या या गावात तो मंगळवार-शुक्रवारच यायचा, आणि शिपायाने ज्या तारखांना पैसे दिले असं सांगितलं त्यातल्या सहा तारखांना दादाची सही दुसऱ्या गावच्या सभेच्या रजिस्टरवर. साहेब एक एक तारीख वाचत होते आणि उत्तर एकच येत होतं, सांगता येणार नाही, सांगता येणार नाही. कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सरकारी वकिलांनी फेरतपासणी घेतली, त्यात तो म्हणाला कधी कधी दुसऱ्या दिवशी पण द्यायचो. ते त्याचं चौथं सांगणं.

पुढच्या तारखेला विस्तार अधिकारी साक्षीला आले आणि त्यांनी सांगितलं की शिपायाचा जबाब मी वाचून दाखवला होता, मगच त्याने सही केली. झालं. हा जबाब पोलिसांसमोरचा नसल्यामुळे त्याच्यावर सही असणं चालतं आणि त्याचा वापर पण जास्त मोकळेपणाने करता येतो, हे मला तेव्हाच कळलं. तर ज्यांच्या घरी अशी केस असेल त्यांनी खात्याच्या प्राथमिक चौकशीचे कागद आधी मागून घ्या, पोलिसांच्या चार्जशीटमध्ये ते सगळे असतीलच असं नाही.

अजून एक साक्षीदार सांगते, गावातली एक आजी. पट्टी भरणाऱ्यांपैकी बऱ्याच लोकांना साक्षीला आणलं होतं. आजीच्या पोलीस जबाबात होतं की पैसे मी भाऊसाहेबांना दिले, आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात. कोर्टात आजी म्हणाली पैसे शिपायाच्या हातात दिले, तो म्हणाला भाऊसाहेबांना पोचले समजा. सरकारी वकिलांनी तिला लगेच फितूर घोषित केलं. बाहेर आमचे पाहुणे खूष, साहेब मात्र म्हणले खूष होऊ नका, फितूर झाला म्हणून साक्षीदाराचं सगळं पुसलं जात नाही, सतपाल केसपासून (१९७६) कायदा तसाच आहे, कोर्ट तिच्या साक्षीतलं पटेल तेवढं घेऊ शकतं, तिकडचंही आणि इकडचंही. म्हणून त्यांनी आजीला तोंडी काही विचारलंच नाही. फक्त म्हणले आजी, पावती आणलीत का? तिने प्लास्टिकची पिशवी काढली, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि त्यात घडी घातलेली सहाशे रुपयांची पावती. पावतीवर वसूल करणाऱ्याची सही शिपायाची. तिची दोन सांगणी एकमेकांच्या विरुद्ध होती, पण पावतीचं सांगणं एकच. आणि त्या पावतीची स्थळप्रत ज्या पुस्तकात असायला हवी ते पुस्तक म्हणजे तेच, परत न आलेलं.

साहेबांची कामाची रीतच ती होती, साक्षीदार बदलतो तिथे कागद शोधायचा. ते चारा घोटाळ्याचं उदाहरण नेहमी द्यायचे, बिहारमध्ये जनावरं आणि चारा वाहून नेल्याची बिलं ट्रकच्या नावाने काढली होती आणि आरटीओत नंबर तपासले तर त्यातले काही स्कूटरचे निघाले. तिथे तोंडी साक्षीने काय फरक पडणार. आमच्या केसमध्ये कागद आमच्या बाजूने होता हे आमचं नशीब, नसता तर त्यांनी तेही तोंडावर सांगितलं असतं.

तोंडावर सांगणं हा त्यांचा गुण आहे आणि त्रासही. दादाला त्यांनी पहिल्या महिन्यातच विचारलं, भाऊसाहेब, रोकड वही तुम्ही रोज लिहीत होता का? दादा म्हणाला तीन गावं होती साहेब, आठवड्याची एकदम लिहायचो. मग तुमची चूक आहे ती, म्हणले, ती मी लपवणार नाही, कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे कोर्ट आरोपीला स्वतः विचारतं तेव्हा, आपणच सांगायची. वहिनीला रडू आलं. आमच्या एका पाहुण्याने सुचवलं की शिपायाला भेटून काही जमवता येईल का, तर साहेब खुर्चीतून उठले आणि म्हणले परत असं बोललात तर फाईल घेऊन जा. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, आज त्याबद्दल आदर वाटतो.

निकाल २०२५ मध्ये लागला. निर्दोष, पण संशयाचा फायदा देऊन. निकालात शिपायाच्या साक्षीबद्दल लिहिलंय की हा साक्षीदार पूर्ण विश्वासार्हही नाही आणि पूर्ण अविश्वासार्हही नाही, अशा साक्षीला दुसरा आधार लागतो, (१९५७ च्या वडिवेलू तेवर निकालातली ती तीन प्रकारच्या साक्षीदारांची विभागणी, साहेबांनी युक्तिवादात दिली होती) आणि तो आधार सरकारी पक्ष देऊ शकला नाही, त्यामुळे रक्कम आरोपीच्या ताब्यात आली होती हेच संशयापलीकडे सिद्ध होत नाही. रोकड वही वेळेवर न लिहिणं हा निष्काळजीपणा आहे, अप्रामाणिकपणा नव्हे, हेही आहे. दादाने ते पान इतक्यांदा वाचलंय की नकलेच्या घडीवर कागद फाटायला आलाय. त्याला "संशयाचा फायदा" हे शब्द अजून टोचतात. आणि पैसे? ते गावाचे पैसे होते, त्या आजीसारख्या लोकांचे, आणि ते कुठे गेले याचं उत्तर या केसमधून मिळालं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, माझा भाऊ सुटला तरी.

आता कमी काय ते पण लिहिते. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, संध्याकाळी सातनंतर ऑफिसात जाऊन बसलं तरच भेट. फी टप्प्याटप्प्याने घेतली, एकूण जास्त नाही वाटली मला, पण पावती मागितल्याशिवाय देत नाहीत आणि सुरुवातीला एकूण किती होईल ते लिहून मागितलं तर टाळलं. चार-पाच तारखांना ज्युनिअर आले आणि पुढची तारीख घेऊन गेले, आम्ही शंभर किलोमीटरवरून आलेलो. आणि सगळ्यात मोठी तक्रार, फौजदारी केस सुटली म्हणजे खात्याची चौकशी आपोआप संपत नाही, तिथे पुराव्याचं माप वेगळं असतं, संशयापलीकडे वगैरे लागत नाही, हे त्यांनी निकालानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आम्ही त्या बाजूने पण तेव्हाच तयारी केली असती. सरकार अपील करू शकतं हे पण आम्हाला दुसरीकडून कळलं.

ज्यांची केस १ जुलै २०२४ नंतरची आहे त्यांना कलमांचे नंबर वेगळे दिसतील. ४०९ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१६(५), फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात पोलिसांच्या जबाबाचं १६१ आता १८०, त्या जबाबाच्या वापराचं १६२ आता १८१, साक्षीदार परत बोलवायचं ३११ आता ३४८, कागद मागवायचं ९१ आता ९४, आणि जुना जबाब समोर ठेवून विसंगती दाखवायचं पुरावा कायद्याचं १४५ आता साक्ष अधिनियमाचं १४८. पद्धत मात्र तीच.

वकील निवडताना मी आता एकच बघेन. पहिल्या भेटीत त्याला साक्षीदारांचे जबाब द्या आणि विचारा यातलं कामाचं काय आहे. सगळंच कामाचं आहे म्हणाला तर दुसरीकडे जा. माझ्याकडून यांना पाचपैकी चार, एक कापला तो फोनचा आणि खात्याच्या चौकशीचा.

साहेब विभागीय चौकशीचं काम घेत नाहीत. दादाची चौकशी दिवाळीनंतर सुरू होतेय, बचाव सहायक म्हणून जिल्हा परिषदेतलं दप्तर माहीत असलेला कुणी निवृत्त विस्तार अधिकारी लागतोय. तो तक्ता मी जपून ठेवलाय, त्याला पाचवा रकाना जोडायला घेतलाय.